बोटीवर लाइफ जॅकेट किती आणि कोणती? एका मच्छीमार संस्थेच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न असा आला आहे: "आमची मच्छीमार सहकारी संस्था कुही तालुक्यात, गोसीखुर्दच्या बॅकवॉटरला आहे. अंभोऱ्याला येणाऱ्या पर्यटकांसाठी फायबरच्या दोन बोटी सुरू करायचं ठरलं आहे. एक अठरा फुटी, एक बावीस फुटी, दोन्हींना आउटबोर्ड इंजिन. नागपुरात चौकशी केली तर चारशे रुपयांपासून तीन हजारांपर्यंतची लाइफ जॅकेट दाखवतात. किती घ्यावीत, कोणती घ्यावीत, बोटीवर आणखी काय ठेवावं लागतं? आमची पोरं पट्टीची पोहणारी आहेत. त्यांनाही जॅकेट घालावं लागेल का?"

भाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेक ठिकाणी गाडी तिथेच अडते. हो, नावाड्यालाही जॅकेट घालावं लागेल, आणि सगळ्यांत आधी त्यालाच. वैनगंगेकाठची ढिवरांची पोरं पाण्यातच लहानाची मोठी होतात, त्यांच्या पोहण्याबद्दल मला काडीची शंका नाही. पण बोट उलटते तेव्हा पोहणारा माणूसही जातो. बोटीची कड किंवा इंजिन डोक्याला लागून तो बेशुद्ध होतो. नाही तर पाण्याखालच्या जाळ्यात, दोरीत, जलपर्णीच्या मुळांत पाय अडकतो. आणि सगळ्यांत जास्त घडतं ते असं की पोहता न येणारे दोन-तीन जण एकदम त्याच्या गळ्यात पडतात आणि त्याला सोबत घेऊन खाली जातात. एकाला वाचवायला उडी मारलेला दुसराही बुडाला, अशा बातम्या आपण विदर्भात नेहमी वाचतो. जॅकेट घातलेल्या नावाड्याला कोणी धरलं तरी तो वर राहतो, श्वास घेतो आणि पुढचा विचार करू शकतो. शिवाय पर्यटक नावाड्याकडे पाहूनच वागतात. त्याच्या अंगावर जॅकेट नसेल तर पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांचे बकल सुटलेले दिसतील.

आपल्या भागाने याची किंमत पुरेशी मोजली आहे. जुलै २०१७ मध्ये अमरावती रोडवरच्या वेणा जलाशयात लहानशा नावेत ११ तरुण बसले आणि त्यातले ८ बुडाले. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले, त्यातले बहुतेक एकमेकांच्या नात्यातले. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या गणपूरच्या महिला मिरची तोडायला वैनगंगा ओलांडत होत्या. नाव उलटली आणि सहा जणी बुडाल्या. ही तुमचीच नदी आहे, खालच्या अंगाला. त्याच जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल गेली होती, तिथे १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. बोटीत जास्त जण होते आणि सगळ्यांच्या अंगावर जॅकेट नव्हती. नाव क्षमतेपेक्षा जास्त भरलेली आणि अंगावर जॅकेट नाही, या दोन गोष्टी अशा अपघातांत पुन्हा पुन्हा एकत्र दिसतात.

म्हणून "किती जॅकेट घ्यावीत" हा प्रश्न मी उलटा करून सोडवतो. आधी बोटीत किती माणसं बसणार ते ठरवा. एकच तळ असलेल्या (दोन तळ जोडलेल्या नव्हे), वीस फुटांपेक्षा लहान बोटींसाठी अमेरिकेच्या कोस्ट गार्डने दिलेलं एक सोपं गणित जगभर वापरतात: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. तुमची अठरा फुटी बोट सहा फूट रुंद असेल तर १०८ भागिले १५, म्हणजे सात. नावाडी धरून सात. हा आकडा माणशी सरासरी ६८ किलो वजन धरून आहे, पाणी शांत आहे असं मानून आहे, आणि ती कमाल मर्यादा आहे. तेवढे भरलेच पाहिजेत असा त्याचा अर्थ नाही. बावीस फुटीला हे गणित लावू नका, तिची क्षमता सर्वेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्याकडूनच ठरवून घ्या. मी स्वतः आणखी एक गोष्ट पाहतो. सगळे बसल्यावर पाण्याच्या रेषेपासून बोटीच्या काठापर्यंत किमान एक वीत उंची राहिलीच पाहिजे, आणि ती सगळ्यांत खालच्या जागी मोजायची. ती राहत नसेल तर एक माणूस उतरवा. मागे इंजिन असलेल्या बोटीत मागची बाजू आधीच दबलेली असते, म्हणून तिथे मोजा.

क्षमता ठरली की ती बोटीच्या दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत रंगवा. "नावाड्यासह ७" असं साधं लिहा, म्हणजे वादच होत नाही. रविवारी आठ जणांचं कुटुंब येईल आणि "एक लहान लेकरूच तर आहे" म्हणेल. लेकरूही माणूस म्हणून मोजायचं. मांडीवर बसवलेलं मूल मोजणीतून सुटतं आणि जॅकेटमधूनही सुटतं, हे मी फार ठिकाणी पाहिलं आहे.

आता जॅकेटची संख्या. दोन्ही बोटींची मिळून क्षमता जितकी, तितकी मोठ्यांची जॅकेट, वर चार-पाच जादा. जादा का, तर बकल तुटतं, शिवण उसवते, एखादं ओलं असतं, आणि जॅकेट कमी पडलं म्हणून फेरी रद्द करायचं धैर्य गर्दीच्या दिवशी कोणाला होत नाही. मुलांची जॅकेट वेगळी घ्या. समुद्रावरच्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियम प्रवासीसंख्येच्या १० टक्के मुलांची जॅकेट मागतात. तुमच्याकडे सुट्टीच्या दिवशी निम्मी मुलंच असतील, तेव्हा हा आकडा तुम्हाला पुरणार नाही. दोन मापांत मिळून बोटीच्या क्षमतेच्या निम्मी तरी ठेवा.

मापाबद्दल त्याच आंतरराष्ट्रीय नियमांचा आधार घ्या: १५ किलोच्या आतलं तान्हं किंवा लहान मूल, १५ ते ४३ किलो मुलांचं, ४३ किलोच्या वर मोठ्यांचं. वय विचारू नका, वजन पाहा. जेट्टीवर किराणा दुकानातला साधा वजनकाटा ठेवला तरी भागतं. १५ किलोच्या आतल्या मुलांसाठी योग्य जॅकेट हाताशी नसेल तर त्यांना बोटीत घेऊच नका. आई-बाप रागावतील, रागावू द्या. मोठ्यांचं जॅकेट घातलेलं चार वर्षांचं मूल पाण्यात पडलं की जॅकेट तरंगतं आणि मूल खालून सरकून निघून जातं. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून घेण्याचा पट्टा असलाच पाहिजे आणि तो लावलाच पाहिजे. मानेमागे धरायला पट्टी असेल तर मूल पाण्यातून उचलणंही सोपं जातं.

कोणतं जॅकेट, हा खरा पैशाचा प्रश्न. जॅकेट माणसाला किती ताकदीने वर ढकलतं ते न्यूटनमध्ये मोजतात. १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलो. आयएसओ १२४०२ या आंतरराष्ट्रीय मानकात चार पायऱ्या आहेत: ५०, १००, १५० आणि २७५. माणसाचं पाण्यातलं वजन फार थोडं असतं, डोकं वर धरायला चार-पाच किलोचा आधारही पुष्कळ झाला. मग १०० कशाला? कारण ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या आणि जवळ मदत असलेल्या माणसासाठी आहे. कयाक चालवणारे वापरतात तेच. ते माणसाला वर ठेवतं, पण पालथा पडलेल्याला उताणं करत नाही. तुमच्या बोटीत बसणारी आजी घाबरून हातपाय गाळेल, तिला तोंड वर ठेवणारं जॅकेट पाहिजे. म्हणून पर्यटकांसाठी १०० न्यूटनच्या खाली जाऊ नका, आणि मानेमागे फुगीर कॉलर असलेलंच घ्या. १५० आणि २७५ खुल्या समुद्रासाठी आणि जड कपडे-अवजारांसह काम करणाऱ्यांसाठी. तुमच्या जलाशयात ती जड आणि गैरसोयीची होतील, मग लोक काढून ठेवतील.

चांगल्या जॅकेटने काय करावं याची कसोटी जहाजांच्या नियमांत स्पष्ट दिली आहे. बेशुद्ध माणसाला ५ सेकंदांत उताणं करावं, तोंड पाण्यापासून किमान १२ सेंटिमीटर वर राहावं, आणि २४ तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवल्यावरही तरंगण्याची ताकद ५ टक्क्यांपेक्षा जास्त कमी होऊ नये. तुमच्या तलावावरच्या बोटीला जहाजाचं जॅकेट सक्तीचं नसेल, पण मोजपट्टी म्हणून ती मनात ठेवा.

चारशे रुपयांच्या जॅकेटबद्दल स्पष्ट सांगतो. त्यातल्या पुष्कळांत थर्माकोलचे तुकडे किंवा दाणे भरलेले असतात. दाबून पाहा. कुरकुर आवाज आला, बोटाखाली दाणे सरकले, की ठेवून द्या. थर्माकोल चुरतं, दाण्यांच्या फटींत पाणी शिरतं, आणि दोन उन्हाळ्यांत आत भुसा उरतो. आत बंद पेशींचा पॉलिथिलीन फोम पाहिजे, तो दाबला की हळूच पूर्ववत होतो. पूर्वी जॅकेटमध्ये सावरीचा कापूस भरत असत, कारण तो पाणी लवकर धरत नाही. पण आतली पिशवी फाटली की तोही भिजतो, म्हणून तो मागे पडला. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा असावा, सुती दोरा ओलाव्याने कुजतो. बकल रुंद आणि जाड प्लास्टिकचं असावं, बंद करून दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहा. रंग भगवा नाही तर लाल. निळ्या-हिरव्या जॅकेटमधला माणूस जलपर्णीत दिसत नाही. पुढे-मागे चमकणाऱ्या पट्ट्या आणि दोरीने बांधलेली शिट्टी. आणि आतल्या बाजूला शिवलेली पट्टी वाचा. न्यूटन, वजनाची मर्यादा, मानक आणि बनवणाऱ्याचं नाव त्यावर नसेल तर घेऊ नका. इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या जहाजं तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेली जॅकेटही बाजारात मिळतात, दुकानदाराकडे मान्यतेचा कागद मागायला संकोचू नका.

हवा भरून फुगणारी जॅकेट तुम्हाला कोणी दाखवेल. अंगावर हलकी, दिसायला सुबक. बचाव पथकाच्या प्रशिक्षित माणसाला ती ठीक आहेत. पण एकदा फुगलं की गॅसचा सिलिंडर बदलावा लागतो, वेळोवेळी तपासावं लागतं, आणि रोज पन्नास वेगवेगळ्या माणसांच्या हाताखालून जाणाऱ्या वस्तूला ही शिस्त टिकत नाही. पर्यटकांसाठी फोमचंच घ्या.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. दुकानदाराच्या शब्दावर आणि पट्टीवर थांबू नका, तुमच्या पाण्यात तपासा. एक सोपी रीत आहे. जुन्या काट्याची लोखंडी वजनं आणा. लोखंड पाण्यात आपल्या वजनाचा साधारण सातवा ते आठवा भाग गमावतं, म्हणजे ११ किलोची वजनं पाण्यात साडेनऊ किलोच्या आसपास ओढ देतात. नवं १०० न्यूटनचं जॅकेट बकल लावून बंद करा, त्याला जाळीच्या पिशवीत ११ किलो लटकवा आणि पाण्यात सोडा. तरंगलं पाहिजे. तसंच दोरीला बांधून रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाहा. बुडालं असेल तर सगळी पेटी परत करा. ठरवतानाच दुकानदाराला सांगा की आम्ही असं तपासणार आहोत, पैसे त्यानंतर. हीच चाचणी दरवर्षी हंगामाआधी १० किलो लावून प्रत्येक जुन्या जॅकेटवर करा. ज्याला १० किलो पेलवत नाही ते कापून टाका. बाजूला ठेवलं तर गर्दीच्या दिवशी ते पुन्हा कोणाच्या तरी अंगावर चढतं.

दुसरी चाचणी माणसाची. तुमच्या संस्थेतले जाड, बारीक, उंच, बुटके असे चार जण निवडा, शक्य असेल तर दोन महिला. छातीभर पाण्यात जॅकेट घालून पाय सोडा, अंग सैल सोडा, मान मागे टाका. तोंड पाण्याच्या वर राहतं का? जॅकेट कानापर्यंत वर सरकतं का? जमिनीवर तपासायचं तर दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या धरून वर ओढा. जॅकेट हनुवटीच्या वर आलं तर ते सैल आहे किंवा माप मोठं आहे.

साडीबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. तुमच्याकडे येणाऱ्यांत निम्म्या बायका साडीत असतील, त्यातल्या काही नऊवारीत. पदर मोकळा सोडून वरून जॅकेट घातलं तर पाण्यात तो पदर हातांत, बकलात आणि शेजारच्या माणसात गुंततो. आधी पदर गुंडाळून कमरेला घट्ट खोचायचा, मग त्यावर जॅकेट, मग बकल. थंडीत शाल असेल तर ती जॅकेटच्या आत किंवा जेट्टीवर, बाहेर कधीच नाही. खांद्याची पर्स किंवा पाठीवरची बॅग जॅकेटवरून अडकवू द्यायची नाही, ती पायाशी ठेवायला सांगा. हे काम पुरुष नावाड्याने केलं तर बायकांना अवघड वाटतं आणि पट्टे सैल राहतात. संस्थेतल्या दोन महिलांना हे शिकवा आणि जेट्टीवर त्यांनाच नेमा. हा माझा मनापासूनचा आग्रह आहे.

जॅकेट केव्हा घालायचं? जेट्टीवरून बोटीत पाय टाकायच्या आधी, आणि काढायचं ते परत जेट्टीवर दोन्ही पाय टेकल्यावर. चढताना-उतरतानाच लहान बोटी डुलतात आणि माणसं पडतात. "बोट मधोमध गेली की घाला" किंवा "गरज पडली तर सीटखाली आहेत" हे चालणार नाही. बोट उलटते ती काही सेकंदांत, आणि सीटखालचं जॅकेट तेव्हा सीटखालीच राहतं. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या फेरीबोटीला नौदलाच्या बोटीची धडक बसून १५ जण गेले. त्यानंतर मुंबईत जॅकेट घातल्याशिवाय प्रवाशाला बोटीत घ्यायचं नाही अशी सक्ती झाली. तुम्ही ती पहिल्या फेरीपासूनच करा. तिकिटाच्या खिडकीतच लिहा: जॅकेट घालायचं नसेल तर पैसे परत.

छताबद्दल एक सावधगिरी सांगितली पाहिजे, आणि ती जॅकेटच्या बाजूने बोलणाऱ्यालाच सांगावी लागते. उन्हामुळे तुम्ही बोटीवर ताडपत्रीचं छत लावणारच. पण बोट उलटली तर जॅकेट माणसाला वर, म्हणजे उलटलेल्या बोटीच्या तळाकडे ढकलतं, आणि बाजूंना पडदे किंवा जाळी असेल तर त्याला बाहेर पडता येत नाही. म्हणून बाजू पूर्ण मोकळ्या ठेवा, पडदे नाहीत, उंच लोखंडी कठडे नाहीत. छत हलकं आणि दोऱ्या सोडल्या की निघणारं ठेवा. छतावर कोणालाही बसू द्यायचं नाही. दोन मजली बोट तर तुमच्या पाण्यात नकोच. मे २०२३ मध्ये केरळात तानूरला दुमजली पर्यटक बोट उलटून २२ जण बुडाले.

आता बाकीचं साहित्य, जरा झपाट्याने. प्रत्येक बोटीवर एक लाइफबॉय, म्हणजे ती कडक गोल रिंग, सोबत ३० मीटर तरंगणारी दोरी. दोरी किमान ८ मिलिमीटर जाड असावी, ओल्या हाताला बारीक दोरी धरवत नाही. चांगल्या रिंगेने १४.५ किलो लोखंड २४ तास पेललं पाहिजे, तीच चाचणी तुम्हीही करा. ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब रिंग म्हणून चालणार नाही, काटा लागला की गेली. एक रिंग जेट्टीवरही टांगा, कुलूप न लावता. एक थ्रो बॅग घ्या. पंधरा-वीस मीटर दोरी भरलेली ही पिशवी बुडणाऱ्याकडे फेकता येते आणि नावाड्याला पाण्यात उतरावं लागत नाही. त्याच्याकडून ती रोज सकाळी दोनदा फेकून घ्या. दोन वल्ही असावीत, इंजिन बंद पडलं की तीच कामाला येतात. पाणी उपसायला डबा, नांगर आणि दोरी, टॉर्च, जोरात वाजणारा हॉर्न, प्रथमोपचाराची पेटी, आणि पेट्रोल असल्यामुळे एबीसी पावडरचं अग्निशामक. इंजिनाला लाल रंगाची गुंडाळलेली दोरी येते, किल कॉर्ड म्हणतात तिला. तिचं दुसरं टोक नावाड्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधलेलंच असलं पाहिजे. तो पाण्यात पडला की इंजिन बंद होतं, नाही तर रिकामी बोट गोल फिरते आणि पंखा पाण्यातल्या माणसांवर येतो. बहुतेक ठिकाणी ही दोरी इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली दिसते आणि ते पाहून मला फार राग येतो, कारण तिला एक पैसा जादा लागत नाही.

दोन बोटी आहेत याचा फायदा घ्या. एक बोट पर्यटकांना घेऊन पाण्यात असेल तेव्हा दुसरी रिकामी, इंजिन तपासलेली, नावाडी बसलेला अशी जेट्टीवर उभी पाहिजे. दोन्ही एकदम भरून पाठवल्या तर मदतीला कोण जाणार? जॅकेट माणसाला वर ठेवतं, पण त्याला बाहेर काढायला कोणी तरी पोचलंच पाहिजे. फेरीची हद्दही त्या हिशोबाने आखा, जेट्टीवरून नजरेत राहील इतकीच.

तुमच्या जागेचे दोन धोके वेगळे आहेत. नाग नदीचं सांडपाणी कन्हानेतून वैनगंगेत येतं आणि त्यामुळे तिकडे जलपर्णी माजते. ती पंख्यात अडकते आणि इंजिन बंद पडतं. त्यात संस्थेची स्वतःची जाळी आणि बुडित क्षेत्रातली झाडांची खोडं. ठरलेल्या मार्गावर तरंगत्या खुणा बांधा आणि त्या पट्ट्यात जाळी लावायची नाही असा संस्थेचा ठरावच करून घ्या. दुसरा धोका एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारच्या वादळाचा. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी चारच्या सुमाराला पंधरा मिनिटांत उसळतं, सोबत विजा. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे इशारे रोज पाहा, आणि आकाश काळवंडलं की बोट परत बोलवायचा अधिकार जेट्टीवरच्या माणसाला द्या, नावाड्याला किंवा अध्यक्षाला विचारायची गरज न ठेवता.

उन्हाचा विषय जॅकेटलाही लागू आहे. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. दिवसभर उन्हात टांगलेल्या जॅकेटचं कापड विटतं, मग हाताने ओढलं तरी फाटतं. सावलीत, हवेशीर जागी, हँगरवर लटकवा. एकावर एक रचून वर पोती ठेवू नका, आणि जॅकेटवर बसू तर मुळीच देऊ नका, दबून दबून फोमची ताकद जाते. रोज संध्याकाळी साध्या पाण्याने धुवा. डिटर्जंट नको, कडक उन्हात वाळवणं नको. घामाने आंबलेलं, ओलं जॅकेट कोणीही घालायला नाखूश असतं, आणि तक्रार रास्त असते. स्वच्छ, कोरडं जॅकेट हातात दिलं की वाद निम्म्याने कमी होतो. प्रत्येकावर क्रमांक टाका आणि वहीत खरेदीची तारीख, तपासणीची तारीख लिहा.

कायद्याचं थोडक्यात: इंजिन असलेल्या बोटीला अंतर्गत जलवाहतुकीचा २०२१ चा कायदा लागतो. त्याखाली सर्वेक्षण, नोंदणी आणि विमा आला, आणि सर्वेक्षणाच्या दाखल्यावर प्रवासीसंख्या येते. तो आकडा वरच्या गणितापेक्षा कमी आला तर तोच खरा. यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जावं लागेल. जलाशय पाटबंधारे खात्याचा, म्हणून विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाची परवानगी वेगळी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये बोट सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती मागवून संस्थेच्या बैठकीत वाचा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला अर्ज द्या. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी नागपुरातच असते. त्यांच्याकडून एक दिवसाचं प्रात्यक्षिक तुमच्याच पाण्यावर मागा.

खर्चाचं म्हणाल तर माझं मत सरळ आहे. पैसे कमी पडत असतील तर जॅकेट स्वस्त घेऊ नका, पहिलं वर्ष अठरा फुटी बोटच चालवा आणि दुसरी मदतीला उभी ठेवा. त्या एका बोटीला दोन संच घ्या, म्हणजे एक फेरीवर असताना दुसरा पुढच्या मंडळींच्या अंगावर चढवून, पट्टे तपासून होतो.

राहिली शेवटची गोष्ट, जी साहित्याच्या यादीत येत नाही पण जेट्टीवर प्रत्येकाला आली पाहिजे. बुडालेल्या माणसाला बाहेर काढलं की आपल्याकडे त्याला पालथं घालून पोट दाबतात, उलटं धरून फिरवतात. असं करू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं अन्न घशात येऊन श्वासनलिका बंद होते. त्याला कडक जमिनीवर उताणं झोपवा. श्वास नसेल तर नाक बंद करून तोंडाने आधी ५ श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाबा, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल. मग २ श्वास, पुन्हा ३०. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावायचा आणि एकाने गाडीला रस्ता दाखवायला वर मुख्य रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. श्वास सुरू झाला, माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला दवाखान्यात पाठवाच. पाणी फुप्फुसात गेलं असेल तर काही तासांनी त्रास वाढतो. कुहीला किंवा नागपूरला कुठे न्यायचं, गाडी कोणाची, चालवणार कोण, हे पहिली फेरी सोडायच्या आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.